त्या नवव्या ओळीबद्दल

प्रिय शून्या,

तुझ्या दोन मेलना उत्तर नाही, फोन उचलले नाहीत, सात महिने होत आले, आणि आता रात्री एक वाजता लिहायला बसलोय तेही माझंच काहीतरी झालंय म्हणून. राग धर, पण वाच. घरी सांगून कुणाला कळणार नाही आणि ऑफिसात सांगायची हिंमत होत नाहीये. पाठ बरी आहे, गोळ्या बंद झाल्या.

तो एक्सेलमधला, व्हीबीएत (एक्सेलच्या कोडच्या भाषेत) लिहिलेला गुण भरायचा फॉर्म आठवतो ना? एका पानावर १२ मुलं, प्रत्येकाचे ६ रकाने, ७२ टेक्स्टबॉक्स, म्हणजे आकडा टाकायच्या चौकटी, आणि त्यांचे ७२ चेंज इव्हेंट, म्हणजे चौकटीतलं बदललं की चालणारे कोडचे तुकडे. एक लिहिला होता, बाकी ७१ कॉपी-पेस्ट, फक्त बॉक्सचं नाव बदललेलं. तू ते बघून म्हणालास हे सगळं एका क्लासमधे, म्हणजे सगळ्या बॉक्सना चालेल अशा एकाच साच्यात, घाल, मी म्हणालो चालतंय ना, मग हात कशाला लावू, आणि त्यावरून आपण जेवायचं सोडून दीड तास भांडलो. चार वर्षं खरंच चाललं रे. या वेळी तोंडीचे गुण २० चे २५ झाले, म्हणजे चौथ्या रकान्याच्या १२ बॉक्समधे आकडा बदलायचा होता. मी ११ मधे बदलला. नववी ओळ राहिली.

त्यात माझा कोड मर्यादेपेक्षा मोठा आकडा आला की गुपचूप त्याला मर्यादेवर आणून ठेवायचा. २३ टाइप केलं की तिथे २०. भरणारी कागदाकडे बघून भरते, स्क्रीनकडे नाही, आणि तिने का बघावं? ४८ चा वर्ग. पडताळणीत दोघांचे गुण कागदाशी जुळेनात, नंबर ९ आणि नंबर ३३. सगळे म्हणाले भरताना चुकलं असेल, ती बिचारी म्हणत होती मी २३ च टाकले होते, आणि तिचं कुणी ऐकेना. मी नुसता ते दोन नंबर बघत बसलो होतो. ३३ मधून ९ गेले २४, म्हणजे १२ च्या पटीत, म्हणजे दोघंही आपापल्या पानावर नवव्या ओळीत. पोटात गोळाच आला. २१ आणि ४५ पण तिथलेच, पण त्यांना तोंडीत २० च्या आतच होते म्हणून काही झालं नाही. ३३ नंबरच्या मुलीला पास व्हायला दोनच गुण कमी पडत होते. निकालाच्या आदल्या दिवशी दुरुस्त झालं, भरणारीची मी सगळ्यांसमोर माफी मागितली, पण मी कोडमधे नेमकं काय केलं होतं ते अजून कुणी विचारलेलं नाही.

त्या रात्री बसलो आणि तू सांगितलेलं केलं. क्लास मोड्यूल घेतलं, वर एकच ओळ, पब्लिक विथइव्हेंट्स बॉक्स ॲज एमएसफॉर्म्स डॉट टेक्स्टबॉक्स (म्हणजे या बॉक्सचे इव्हेंट ऐक), खाली एकच चेंज. आधी नुसतं टेक्स्टबॉक्स लिहिलं होतं तर कोड कंपाइलच होईना, कारण एक्सेलचा स्वतःचा एक टेक्स्टबॉक्स आहे आणि एक्सेलमधे तो आधी सापडतो. मग फॉर्मच्या इनिशियलाइजमधे, म्हणजे तो उघडताना चालणाऱ्या कोडमधे, सगळे कंट्रोल (फॉर्मवरच्या वस्तू) फिरायचे, टेक्स्टबॉक्स असेल तर क्लासचा नवा ऑब्जेक्ट करून बॉक्स त्याला बांधायचा. चालवलं, एकही बॉक्स हलेना. एरर नाही काही नाही, नुसती शांतता. तासाभराने कळलं की ते ऑब्जेक्ट धरून ठेवणारं कलेक्शन मी इनिशियलाइजच्या आतच डिम (जाहीर) केलं होतं, ती प्रोसिजर संपली की कलेक्शन गेलं, त्याच्याबरोबर ७२ ऑब्जेक्ट गेले, आता ऐकायला कोण उरलं? ते वर फॉर्मच्या पातळीवर नेलं तर फक्त शेवटचा बॉक्स चालायला लागला. ते का माहितीये? मी लूपच्या आत डिम ॲज न्यू लिहिलं होतं, आणि व्हीबीए लूपच्या प्रत्येक फेरीला डिम नव्याने करतच नाही, एकच ऑब्जेक्ट ७२ वेळा एका बॉक्सकडून दुसऱ्याकडे जात होता. दर फेरीला सेट इज इक्वल टू न्यू असं स्वतः लिहावं लागतं. हे तू मला सांगितलं नव्हतंस, हे मी नोंदवून ठेवतो.

व्हीबी ६ मधे, आपल्या त्या जुन्या व्हिज्युअल बेसिकमधे, यातलं काही लागायचं नाही रे, एकाच नावाचे दहा बॉक्स टाकायचे, इव्हेंटला इंडेक्स, म्हणजे शून्यापासून मोजलेला बॉक्सचा नंबर, यायचा, काम झालं. लॅबमधे सर हजेरीपण इंडेक्सने घ्यायचे. ‘शून्य?’ ‘हजर सर.’ आणि बाहेरून तपासायला आलेल्या त्या माणसाने विचारलं वर्गात शून्य हजर म्हणजे काय, आणि तू उभा राहिलास! आठवलं तरी हसू येतं. एक्सेलच्या फॉर्मला ती एका नावाच्या बॉक्सची सोय, कंट्रोल ॲरे, कधी मिळालीच नाही.

असो. मग एक्झिट, बॉक्स सोडताना होणारा इव्हेंट. मला बॉक्स सोडताना तपासायचं होतं, टाइप होत असताना नाही, पण क्लासमधल्या यादीत एक्झिट नाहीच. एंटर नाही, बिफोरअपडेट, आफ्टरअपडेट, काहीच नाही. फॉर्ममधे त्याच बॉक्सला हे चारही दिसतात, म्हणून मला वाटलं माझंच काहीतरी चुकतंय. चुकत नव्हतं, हे चार इव्हेंट टेक्स्टबॉक्सचे नाहीतच, फॉर्म ते त्याला वरून देतो, आणि विथइव्हेंट्सला फक्त बॉक्सचे स्वतःचे ऐकू येतात. विचार केला तर पटतं, खोलीत कोण आलं कोण गेलं ते दाराला माहीत, खुर्चीला कुठून कळणार. शेवटी असं केलं की टॅब दाबला की कीडाउन (कळ दाबणं) जुन्या बॉक्समधे होतो पण कीअप (कळ सुटणं) नव्या बॉक्समधे, तर कीअप किंवा माउसअप आला की आधीच्या बॉक्सचं नाव काढायचं आणि तो तपासायचा. सेव्हला सगळे ७२ परत तपासायचे. आकडा आता कोड बदलत नाही, फक्त बॉक्स लाल करतो आणि सेव्ह अडवतो. मर्यादा कोडमधून काढून शीटवर ठेवल्यात, रकान्याला एक, त्यामुळे २५ चे ३० झाले तर एकाच ठिकाणी बदल.

एकूण बेरजेचा बॉक्सपण त्यातच होता, तो कोडने भरला की त्याचाही चेंज उडायचा. ॲप्लिकेशनचं एनेबलइव्हेंट्स, एक्सेलचे इव्हेंट थांबवायची खूण, बंद करून बघितलं, फॉर्मवरच्या कंट्रोलना त्याचं काही पडलेलं नसतं. स्वतःचा एक बूलियन, म्हणजे हो-नाहीची खूण, ठेवला, तोही फॉर्ममधे, कारण क्लासमधे ठेवला तर प्रत्येक ऑब्जेक्टचा वेगळा होतो. आणि क्लासकडे फॉर्म, फॉर्मकडे कलेक्शन, असे दोघं एकमेकांना धरून बसतात म्हणून बंद केलेला फॉर्म मेमरीतून जाईना, ते क्वेरीक्लोजमधे (फॉर्म बंद होताना) कलेक्शन नथिंग करून, म्हणजे सोडून देऊन, सोडवलं.

आता ज्यासाठी लिहितोय ते. एक तारखेपासून मी दुसऱ्या विभागात, हे सगळं त्या नव्या मुलीकडे जाणार. हुशार आहे, मन लावून करते. काल तिला फॉर्म दाखवला आणि म्हटलं एका रकान्याचा नियम बदलून बघ. तिने जे कुणीही करेल तेच केलं, बॉक्सवर डबलक्लिक. एडिटर उघडला, त्या बॉक्सचा रिकामा चेंज समोर. ती म्हणाली, ‘सर, यात तर काहीच नाहीये, मग लाल कोण करतं?’ आणि तिथेच तिने नियम लिहायला घेतला. म्हणजे आता एका बॉक्सचं दोघं ऐकणार, फॉर्म पण आणि क्लास पण. मी तिला थांबवलं, पण पुढच्या वेळी मी तिथे नसणार.

तेव्हापासून झोप नाही. जुना कोड लांबलचक होता, पण बॉक्सवर क्लिक केलं की त्याचा नियम तिथेच सापडायचा. नवा कोड बरोबर आहे, पण त्यातलं निम्मं बॉक्सवरून दिसतच नाही, कलेक्शन का वर आहे, न्यू का लूपमधे आहे, यातलं एक जरी तिने नीटनेटकं करायला म्हणून हलवलं तरी सगळं शांत होईल, आणि शांत झालेलं कुणाला दिसत नाही. लाल होत नाही म्हणजे सगळं बरोबर असंच वाटणार ना? भांडताना मी हेच म्हणत होतो, फक्त मला नीट मांडता आलं नव्हतं, आणि तुझं म्हणणं पण खरं होतं, ती नववी ओळ तुझ्या पद्धतीत राहिलीच नसती. उपाय म्हणून एकच सुचलंय, उघडताना फॉर्मने स्वतः पहिल्या बॉक्समधे मर्यादेबाहेरचा आकडा घालायचा, तो लाल झाला तर पुसून पुढे जायचं, नाही झाला तर मोठा निरोप दाखवून फॉर्म बंद. पण हा एकाच बॉक्सचा पुरावा झाला. तो न्यू लूपच्या बाहेर गेला तर शेवटचा बॉक्स चालतो आणि पहिला नाही, ते पकडलं जाईल, पण मधलाच एखादा बॉक्स सुटला तर? सगळे ७२ तपासू का? की कलेक्शनचा काउंट मोजला तरी भागेल?

तुझं नवीन काम कसंय, वहिनींचं ऑपरेशन नीट झालं ना, मी तेव्हा यायला हवं होतं. लेकीचं ॲडमिशन झालं का ते कळव. चष्मेवाला मागच्या महिन्यात भेटला, तुझी चौकशी करत होता, केस सगळे गेलेत.

फाईल जोडलीये, मुलांची नावं काढून. शनिवारपर्यंत बघशील का, सोमवारी मला ती तिच्या हातात द्यायचीये. आणि उघडलीस की आधी नवव्या ओळीत चौथ्या रकान्यात २३ टाकून बघ.

तुझाच,
एक नंबर