कुलूप खेळाला, शिक्षा गिऱ्हाइकाला

मा. संपादक,

हातातल्या गेमिंग यंत्रांची चर्चा स्क्रीन, बॅटरी आणि वजनावरच संपते. प्रवासात अडवतं मात्र नक्कल रोखणारं डिजिटल कुलूप.

स्टीम डेक या हातातल्या गेमिंग यंत्राचंच घ्या. ऑफलाइन खेळायचं तर नेट असतानाच गेम पूर्ण अपडेट करून एकदा सुरू करून पाहावा. ही पायरी गाळली की ऐन प्रवासात गेम उघडेलच याचा नेम नाही. डेनुव्हो नावाचं कुलूप असलेल्या गेममध्ये आणखी मेख आहे: प्रोटॉनची (विंडोजचे गेम डेकवर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची) आवृत्ती बदलली की डेनुव्हो त्याच यंत्राला नवा संगणक समजतं. गेम नीट चालावा म्हणून चार-पाच आवृत्त्या पालटून पाहिल्या, तर २४ तास गेम बंद पडू शकतो. आणि चोरून खेळणाऱ्याच्या प्रतीत हे कुलूप तोडलेलंच असतं!

त्यापेक्षा यंत्रात घालायची, गेम भरलेली कार्ट्रिज घ्यावी, हा सल्लाही आता अर्धाच खरा. निन्टेन्डो स्विच २ या यंत्राच्या गेम-की कार्डात पूर्ण गेम नसतो. तो नेटवरून उतरवायचा, वर खेळताना कार्डही आत हवंच. ते दुसऱ्याला विकता येतं, एवढी जमेची बाजू. पण सर्व्हर बंद झाल्यावर काय? निन्टेन्डोच्याच जुन्या ३डीएस यंत्राच्या ऑनलाइन दुकानातली खरेदी मार्च २०२३ मध्ये थांबलीच.

कंपन्यांना चोरीची धास्ती असणं रास्त आहे. पण विक्रीचा पहिला भर ओसरल्यावर कुलूप काढायला काय हरकत? काही कंपन्या डेनुव्हो असं काढतातही. जीओजी हे गेमचं ऑनलाइन दुकान तर कुलूप नसलेला इन्स्टॉलरच देतं, तो आपल्या डिस्कवर जपून ठेवता येतो.

– एक वाचक