गडग्याच्या पायथ्याची लेव्हल

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

फोनवर आभार मानायला लागलं की तुम्ही "बरं बरं, ठेव आता" म्हणता, म्हणून गडग्याच्या लेव्हलमधली माझी चूक दाखवल्याबद्दल हे पत्र. उघडं अशासाठी, की सिव्हिल थ्रीडी या आराखड्यांच्या सॉफ्टवेअरवर बसून कोकणातल्या उतारांचे प्लॅन काढणारे माझ्यासारखे आणखीही असतील आणि त्यांच्या शेजारी तुम्ही नसणार.

मिरगाला जेमतेम पंधरा दिवस होते. गुहागर तालुक्यातलं डोंगरउतारावरचं घर. अंगण, पाखाडी आणि मागच्या जांभ्याच्या गडग्यालगतचं (दगडी बांधालगतचं) गटार एवढंच काम. मोजलेल्या पॉइंटांवरून जमिनीचा संगणकातला नमुना, म्हणजे सरफेस, तयार होता, त्यावर जागोजागच्या उंचीची, म्हणजे स्पॉट इलेव्हेशनची लेबलं टाकून मी मोकळा झालो होतो. प्रत्येक आकडा तीन दशांशांपर्यंत. बघून माझा मलाच अभिमान वाटला होता. मग मुकादमाचा फोन आला, "साहेब, गडग्याच्या पायथ्याला तुम्ही ९८.६२० लिहिलंय, माझी पट्टी भलतंच सांगतेय." मी त्याचीच चूक धरली. हे तुम्हाला तेव्हा सांगितलं नव्हतं.

तुम्ही चिपळूणहून एसटीने आलात आणि लॅपटॉपकडे बघितलंसुद्धा नाहीत. आधी ऑटो लेव्हल, उंची मोजायची दुर्बीण, लावलीत. जोत्याचा कोपरा हा आपला टीबीएम, म्हणजे उंची मोजायचा तात्पुरता आधारबिंदू, १००.००० मीटर धरलेला. तिथे स्टाफवर (उभ्या मोजपट्टीवर) १.३४०, म्हणजे दुर्बिणीची उंची १०१.३४०. पायथ्याशी स्टाफवर ३.८९०. वजाबाकी मात्र माझ्याकडून करून घेतलीत: ९७.४५०. एक मीटर सतरा सेंटिमीटरचा फरक! मुकादम काही बोलला नाही, नुसता करवंदीच्या जाळीकडे बघत राहिला.

मग ओटीवर बसून म्हणालात, "आता त्रिकोण दाखव." पॉइंट जोडून सरफेस ज्या त्रिकोणांचा बनतो, ते मी कधी स्क्रीनवर चालूच करत नसे, स्क्रीनवर गर्दी होते म्हणून. चालू केले आणि घोळ उघडा पडला. आमच्या पोरांनी गडग्याच्या माथ्यावर दर तीन मीटरला पॉइंट घेतले होते आणि पायथ्याला, करवंदीत शिरायचा कंटाळा करून, फक्त दोन. सॉफ्टवेअरने माथ्यावरून थेट खालच्या अंगणात त्रिकोण ताणले होते. गडग्याची उभी बाजू नकाशातून गायबच. लेबल बिचारं त्या ताणलेल्या त्रिकोणावरची उंची इमानाने सांगत होतं. तीन दशांश हे त्या हिशोबाचे होते, जमिनीचे नव्हेत.

करवंदी तोडून पायथा पुन्हा घेतला. माथ्याची एक आणि पायथ्याची एक अशा दोन ब्रेकलाइन, म्हणजे त्रिकोणांनी ओलांडू नयेत अशा रेघा, टाकल्या. दोन्ही अगदी एकावर एक टाकायला निघालो तेव्हा तुम्ही हात धरलात, कारण या सरफेसमध्ये एका जागी एकच उंची बसते. माथ्याची रेघ सेंटिमीटरभर आत सरकवून घेतली. लेबलही रेघेवर स्नॅप न करता, म्हणजे न चिकटवता, जरा बाहेरच्या बाजूला ठेवायला लावलंत, नाहीतर माथ्याची उंची पायथ्याच्या नावावर लागायची. एवढं करूनही आकडा हलेना, तेव्हा सरफेसच्या नावाशेजारचं पिवळं उद्गारचिन्ह तुम्हीच दाखवलंत. ऑटोमॅटिक रीबिल्ड, म्हणजे बदलानंतर सरफेस आपोआप नव्याने बनणं, बंद होतं. तुमचं वय सत्तरीच्या पुढे, चष्मा कपाळावर, आणि ते चिन्ह मला दिसलं नव्हतं!

रीबिल्ड झाल्यावर लेबल ९७.४५० वर आलं. गटाराचा तळ तिथून ३० सेंटिमीटर खाली, ९७.१५०, २२ मीटरवरच्या मोरीशी (पाणी बाहेर सोडणाऱ्या नळीशी) १ः१०० उताराने ९६.९३०. माझ्या आधीच्या आकड्यावरून तळ काढला असता तर गटार जमिनीच्या वर तरंगलं असतं. मुकादम हसला असता आणि पैसे मालकाचे गेले असते.

पहिल्या मोठ्या पावसात मालकांनी व्हिडिओ पाठवला. पाणी मोरीतून सरळ व्हाळात (ओढ्यात) जातंय, अंगण कोरडं नाही पण तुंबलेलंही नाही.

तुम्ही पैसे घेतले नाहीत, आमसुलांची पिशवी तेवढी घेतलीत. तुमचं लेव्हल बुक मात्र माझ्याच बॅगेत राहिलं. त्यात त्या दिवसाच्या पानावर माझी वजाबाकी आहे आणि तिच्याखाली तुमची लाल टिकमार्क. पावसाने उघडीप दिली की चिपळूणला आणून देतो. त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवलाय, रागावू नका.

आपला,
गडग्यावाला