कड्यातला मणी आणि लॅग्रांजियन

जळगाव

प्रिय भाऊ,

पत्र मिळालं. घरी कापूस वेचणी, रोजची चाळीसगाव-धुळे गाडी आणि वर एम.एस्सी.चं पहिलं सेमिस्टर, तुझी ओढाताण कळते. पण ‘न्यूटनच्या नियमांत सगळं येतं, मग हे लॅग्रांजियन कशाला?’ हे वाचून राहवलं नाही. आज त्यावरच लिहितो.

डेरिव्हेशन बाजूला ठेव आणि एकच गणित घे. दहा सेंटिमीटर त्रिज्येचं तारेचं उभं कडं, त्यात ओवलेला मणी, घर्षण नाही. कडं आपल्या उभ्या व्यासाभोवती ठरलेल्या वेगाने फिरतंय. न्यूटनच्या वाटेने गेलास तर तार मण्याला किती आणि कुठे ढकलते ते आधी मांडावं लागतं. ते बल क्षणोक्षणी दिशा बदलतं, आणि एवढं करून आपल्याला ते नकोच असतं. शेवटी समीकरणांतून काढूनच टाकायचं. त्यापेक्षा मणी तळापासून किती कोनात वर आहे, तेवढं धर. गतिज ऊर्जेतून स्थितिज ऊर्जा वजा कर, हाच लॅग्रांजियन, आणि त्यावरून समीकरण लिही. तारेचं बल वाटेत कुठे आडवंच येत नाही.

आता उत्तर बघ. कडं हळू फिरतं तोवर मणी तळाशीच रमतो. मिनिटाला साधारण 95 फेऱ्यांच्या वर गेलं की तळ अस्थिर होतो. जरा धक्का लागला की मणी तिथून निघतो, आणि त्याची समतोलाची जागा आता बाजूला वर, एका नेमक्या कोनावर असते. त्या कोनाच्या सूत्रात मण्याचं वस्तुमान नाहीच! मला हे गणित फार आवडतं.

इथेच थांबू नकोस, याच मण्याचा हॅमिल्टोनियन काढ, म्हणजे लॅग्रांजियनवरूनच निघणारी, बहुतेक वेळा एकूण ऊर्जेइतकी भरणारी राशी. तो कायम राहतो, पण तो एकूण ऊर्जा नाही. मणी वर-खाली होताना कड्याचा वेग तोच ठेवायला मोटरला कधी ऊर्जा द्यावी लागते, कधी काढून घ्यावी लागते, म्हणून एकूण ऊर्जा बदलते. ‘हॅमिल्टोनियन म्हणजे ऊर्जा’ एवढंच पाठ करून जाणारा तोंडी परीक्षेत इथे हमखास अडकतो.

तुझी दुसरी शंका खरंच चांगली होती: वेग स्थानावरूनच निघतो, मग लॅग्रांजियनमध्ये दोघं स्वतंत्र कसे? एका क्षणापुरता विचार कर. मणी अमुक जागी आहे एवढ्यावरून तो वर चाललाय की खाली, हे सांगता येईल का? नाही. त्या क्षणाचा वेग वेगळा सांगावाच लागतो. पूर्ण मार्ग हाती आला की मग दोघांचं नातं जुळतं. क्षणाच्या वेगाचा हा विचार तुमच्या भागाला परका नाही. भास्कराचार्यांनी 1150 च्या सिद्धान्तशिरोमणीत ग्रहांची तात्कालिक गती मांडली, आणि त्यांचे ग्रंथ शिकवायला नातू चांगदेवाने मठ काढला, ते चाळीसगावजवळच्या पाटणादेवीच्या 1207 च्या शिलालेखात आहे. तुझ्या घराजवळच आहे रे हे!

फिरत्या चौकटीचा धडा निघाला की फुकोचा लंबक, म्हणजे पृथ्वीच्या फिरण्यामुळे ज्याचं झुलण्याचं प्रतल हळूहळू वळतं तो, जळगावसाठी सोडव. आपण 21 अंश अक्षांशावर, त्यामुळे त्याच्या प्रतलाला पूर्ण फेरी घ्यायला सुमारे 67 तास लागतील. फुकोने 1851 मध्ये पॅरिसला दाखवला तिथे साधारण 32. समीकरणातलं कोरिऑलिसचं पद, म्हणजे फिरत्या चौकटीत हलत्या वस्तूला बाजूला ढकलणारं बल, या एका आकड्यातून जितकं कळतं, तितकं पानभर सदिशांनी कळत नाही.

केंद्रीय बलाचं प्रकरण तू सहज करशील. लघु दोलनांना मात्र वेळ दे, दुहेरी लंबक वहीत स्वतःच्या हाताने सोडव. कॅनॉनिकल ट्रान्सफॉर्मेशन एकट्याने धरू नकोस, ते दोघं मिळून करू.

वेचणी उरकली की एखाद्या रविवारी इकडेच ये. आई भरीत आणि कळण्याची भाकरी करणार आहे. कड्याचं गणित सोडवलेली वही घेऊन ये, बॅगेत कपडे कमी असले तरी चालेल.

काकांना, काकूंना नमस्कार.

तुझाच,
भाऊ