आखाजीचं भांडण

पुणे, ७ सप्टेंबर २०२५

ती. आण्णा आणि ती. आईस,
सा. न. वि. वि.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ओट्यावर जे झालं, त्यानंतर चार महिने आपण फोनवर फक्त पाऊस आणि गुडघे एवढंच बोलतोय. म्हणून पत्र. पाहुण्यांसमोर मी आवाज चढवला, ते चुकलंच. मुद्दा मात्र सोडलेला नाही, तुमचीच लेक आहे.

सालदार, म्हणजे वर्षभरासाठीचा शेतगडी, ठरवायचा दिवस. लाखाच्या वर देऊनही कोणी साल धरायला तयार नाही, आणि तुम्ही म्हणालात, "फुकटनं खाईसन लोके आळशी व्हई गयात." सगळ्यांनी माना डोलावल्या. आण्णा, हिशेबच करू. रेशनवर माणशी महिन्याला ५ किलो, म्हणजे पाच जणांच्या घराला २५. राबणाऱ्या पाच तोंडांना ते किती दिवस पुरतं, आईला विचारा. पंधरवडा गेला तर पुष्कळ. तेल, डाळ, मिरची, पोरांची फी, दवाखाना वेगळाच. बाजारात त्या धान्याचे सातशे-आठशे रुपये होतील. तेवढ्यापायी कोणी लाखाचं साल सोडतं का? पोरं सुरतेला गेली, कारण तिथे आठवड्याची सुट्टी मिळते आणि 'ए' म्हणून कोणी हाक मारत नाही. हे तुम्हालाही माहीत आहे, ओट्यावर फक्त बोलवत नाही.

आता आपलं बघा. युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते (मिळते तेव्हा, यंदा दुकानदाराने सोबत नको असलेली औषधं गळ्यात मारली, ते वेगळं). वरची सगळी किंमत सरकार भरतं. यंदाच्या केंद्राच्या अर्थसंकल्पात धान्याच्या अनुदानाला सुमारे २.०३ लाख कोटी आहेत आणि खतांच्या अनुदानाला सुमारे १.६८ लाख कोटी. निंदणीला येणाऱ्या मावशींचा गहू तेवढा फुकटचा, आणि आपली गोणी हक्काची? पीएम किसानचे सहा आणि राज्याच्या नमो शेतकरी योजनेचे सहा, असे बारा हजार वर्षाला तुमच्या खात्यात येतात. त्याने तुम्ही आळशी झालेले मी तरी पाहिले नाही. रात्री-अपरात्री लाइट आली की मोटार चालू करायला तुम्हीच उठता.

नेमकं हेच बोलले आणि तुम्ही ताटावरून उठलात.

"बारा हजारात काय भागतं?" असं जाता जाता म्हणालात, ते मात्र खरं. १९ ऑगस्टला केंद्राने कापसाच्या आयातीवरचं ११ टक्के शुल्क काढलं. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग मुदत वाढवून ३१ डिसेंबरपर्यंत. म्हणजे नेमकी आपली वेचणी. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव यंदा क्विंटलला ८११० रुपये आहे, पण गेल्या साली ओलावा जास्त म्हणून खरेदी केंद्रावरून गाडी परत आली आणि खेडा खरेदीत, गावात येणाऱ्या व्यापाऱ्याला, मिळेल त्या भावात माल द्यावा लागला. क्विंटलमागे पाचशे कमी मिळाले तरी ३० क्विंटलला १५ हजार गेले. बारा दिले, पंधरा नेले. शेतकरी संघटनेचे शरद जोशी यालाच उणे सबसिडी म्हणायचे ना? त्यांच्या सभेला लावलेला तुमचा लाल बिल्ला अजून पेटीत आहे. 'भीक नको, हवे घामाचे दाम' ही घोषणा मजुराच्या ताटाकडे बघून दिलेली नव्हती, आण्णा.

तुमची एक गोष्ट शंभर टक्के मान्य. रेशनचा तांदूळ गल्लीत फिरणाऱ्या गाडीवाल्याला विकला जातो. जाणारच. भाकरीच्या मुलखात माणूस तांदूळ खाणार किती? २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात भरड धान्यही आहे, तेव्हा किलोला एक रुपया दर ठरला होता. मग इथलीच ज्वारी हमीभावाने घ्यावी आणि इथल्याच दुकानात द्यावी. तुम्ही दादर ज्वारी कमी केली कारण भाव नाही, मावशी दादर आणत नाहीत कारण परवडत नाही. यावर कोणी सभा घेत नाही. मतं एक तर फुकट देऊन मिळतात, नाही तर फुकट्यांना शिव्या देऊन.

आई, तू त्या दिवशी खापरावर मांडा टाकता टाकता एवढंच म्हणालीस, "बहात्तरना दुस्कायमा आपीन बी सुकडीच खादी." ओटा गप्प झाला. नंतर रात्री सांगितलंस ते डोक्यातून जात नाही: आजी दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची, तू दहा वर्षांची, तिच्या पदरात सुकडी, आणि घरी अमेरिकेची लाल मिलो ज्वारी, जिची भाकर थापताना हातातच तुटायची. आजीला तेव्हा गावात कोणी आळशी म्हटलं होतं का, हे विचारायचं राहिलं.

आण्णा, हिशेबाच्या वहीत युरियाच्या गोण्या लिहिलेल्या असतील, मोजून ठेवा. दिवाळीला येते. आई, दादरचं पीठ बांधून ठेव, इथल्या पिठाला चवच नाही.

तुमची,
धाकटी