इंजिन तेच, सायलेन्सर वेगळा

साउदॅम्प्टन,
रविवार

ती. दादास,
सा. न. वि. वि.

वहिनींची शेंगाचटणी पोचली. डबा उघडल्यापासून वर्कशॉपातले दोघे माझ्याच टेबलाशी जेवायला येतात. आईच्या गुडघ्यांचं नीट लिही. फोनवर ती 'बरंय' पलीकडे काही बोलत नाही.

तू म्हणालास, बोटीच्या इंजिनात वेगळं काय असतं, डिझेल ते डिझेल. खरंय. परवा आलेलं काम पर्किन्स 4-108 चं होतं. चार सिलिंडर, इथल्या जुन्या बोटींत हटकून सापडणारं. आपल्या मॅसी ट्रॅक्टरचं सिम्पसन इंजिनही मूळ पर्किन्सच्याच घराण्यातलं, तू झोपेतसुद्धा खोलशील. तक्रार अशी की सकाळी बराच वेळ सेल्फ मारावा लागतो, मग कुठे खोकत चालू होतं. मालकाने नवी बॅटरी टाकून बघितली होती, आता नोझल आणि पंप उतरवा म्हणून मागे लागला होता.

मी आधी धूर बघितला. सेल्फ मारताना धूरच नसेल तर डिझेल पोचत नाही: डिझेलच्या नळीत एअर शिरली किंवा फिल्टर तुंबला. इथे पांढरा धूर भसाभसा येत होता. म्हणजे डिझेल येतंय, पेटत नाही. आणि सेल्फ फिरत होता रडतखडत. डिझेल पेटतं ते दाबून तापलेल्या हवेने. इतकं सावकाश फिरलं की दाबलेली हवा तापायच्या आतच तिची ऊब थंडगार लोखंडात मुरते. मीटर लावला. सेल्फ मारताना बॅटरीवर 11.2 व्होल्ट, सेल्फवर 8.6. मधले अडीच व्होल्ट गेले कुठे? अर्थिंगच्या वायरीत. बाहेरून लग, म्हणजे वायरीच्या टोकाची कडी, चकाचक, पण रबर चिरलं तर आतलं तांबं काळंठिक्कर. खाऱ्या हवेचा प्रताप. वायर बदलली, सेल्फ गरागरा फिरायला लागला.

ह्या इंजिनाला हीटर प्लग नव्हते. इनटेक मॅनिफोल्डला, म्हणजे हवा आत नेणाऱ्या नळीला, एकच थर्मोस्टार्ट: तार तापते, थोडं डिझेल गळून पेटतं, आत जाणारी हवा गरम होते. बटण दाबून धरल्यावर मॅनिफोल्ड हाताला कोमट लागला, म्हणजे तेही ठीक. ह्यावर ईथरचा फवारा मारणारे महाभाग इथेही आहेत. पेटत्या तारेवर ईथर म्हणजे मॅनिफोल्डमध्येच फटाका!

वेगळं काय ते आता ऐक. बोटीच्या सायलेन्सरमध्ये समुद्राचं पाणी सोडतात, धूर थंड व्हावा म्हणून. पाण्याचा पंप इंजिनावरच असतो, त्यामुळे नुसता सेल्फ मारला तरी पाणी येतं. इंजिन पेटलेलं नसतं, पाणी बाहेर ढकलायला धुराचा जोर नसतो. सायलेन्सर भरतो आणि पाणी एक्झॉस्ट व्हॉल्व्हमधून उलटं सिलिंडरमध्ये. पाणी काही दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून पहिल्या झटक्यात चालू झालं नाही की मी बोटीच्या तळाचा पाण्याचा कॉक बंद करतो आणि आठवण राहावी म्हणून गिअरच्या दांड्याला लाल फडकं बांधतो. इंजिन पेटलं की लगेच कॉक उघडायचा, नाहीतर पंपातला रबरी पंखा कोरडा फिरून फाटतो. सुरू न होणाऱ्या इंजिनापेक्षा सुरू करणाऱ्याच्या हट्टाने गेलेली इंजिनं मी जास्त बघितलीत.

मॅसी थंडीत कुरकुरते म्हणालास. एवढ्यात बॅटरी आणू नकोस. गाडी न्यूट्रल कर, मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी इंजिनाच्या उघड्या लोखंडाला लाव आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांग. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर अर्थिंगची वायर बदल, चांगली जाड घे. आकडा काय आला ते कळव.

गड्ड्याच्या जत्रेला यायला जमत नाही, सुट्टी मार्चमध्ये मिळेल.

तुझा,
धाकटा