नाव न घेता मोडलेली सोयरीक

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

लग्नसराई जवळ आली की आपल्या खानदेशात गावोगाव पाहुणे चौकशीला फिरू लागतात. मुलीचे घर ओलांडून चार घरे पुढे जायचे, ओट्यावर बसलेल्या कोणाकडे तरी पाणी मागायचे आणि त्या निमित्ताने घराची माहिती काढायची, ही रीत माझ्या आजीच्या काळापासून चालत आली आहे. तिच्यात गैर काही नाही. लेक परक्या घरी द्यायची किंवा परकी लेक घरात आणायची, तर विचारपूस हवीच. परंतु त्या ओट्यावर बसलेल्या शेजाऱ्याच्या शब्दाला घडीभर फार मोठे वजन येते. त्या वजनाचा आम्ही शेजारी कसा वापर करतो, हे छत्तीस वर्षे एकाच गावात प्राथमिक शिक्षिका म्हणून राहून मी पाहिले आहे, आणि त्याबद्दलच हे पत्र आहे.

अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावची, माझ्याच वर्गात शिकलेली एक मुलगी धुळ्याला औषधनिर्माणशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होती. नोव्हेंबर २०२१ ते एप्रिल २०२२ या काळात एसटी कर्मचाऱ्यांच्या संपामुळे खेड्यांतील विद्यार्थ्यांचे काय हाल झाले, हे वाचकांना आठवत असेल. काळीपिवळीत जागा मिळाली नाही की ही मुलगी वर्गातल्या एका मुलाच्या मोटारसायकलवर गावच्या फाट्यापर्यंत येत असे. घरी हे माहीत होते. पेट्रोलचे पैसे तिचे वडीलच देत. जानेवारीत तिचा शिरपूरकडच्या एका घरात साखरपुडा झाला. पुढे फाल्गुनात गल्लीत पापड आणि बिबड्यांची कामे निघाली. आज एकीच्या घरी, उद्या दुसरीच्या घरी अशा आम्ही पोळपाट-लाटणी घेऊन जमतो. कुटलेल्या उडदाच्या पिठाच्या तेल लावलेल्या लाट्या पुढ्यात येतात आणि हातांबरोबर तोंडेही चालू राहतात. मोटारसायकलचा विषय पहिल्यांदा निघाला तेव्हा मी तिथे होते. ‘काल फाट्यावर उतरताना दिसली’ एवढेच ते बोलणे होते. दुसऱ्या घरच्या पापडांना ती ‘रोज त्याच्याबरोबर असते’ असे झाले, आणि आठवडा उलटायच्या आत दोघांनी गुपचूप लग्न केल्याचे बायका एकमेकींना खात्रीने सांगू लागल्या. खरे काय ते मला माहीत होते. मी तिथेच सांगायला हवे होते, आणि मी लाटत राहिले.

थोड्याच दिवसांत शिरपूरच्या नियोजित वराच्या काकांना एक आंतर्देशीय पत्र आले. नंतर ते मुलीच्या वडिलांच्या हाती पडले आणि त्यांनी मला वाचायला दिले. निळ्या कागदावर डाव्या हाताने काढल्यासारखी वेडीवाकडी अक्षरे होती आणि खाली ‘आपला शुभचिंतक’ एवढीच सही होती. पत्रात मुलीचे शाळेच्या दाखल्यावरचे नाव नव्हते. तिला लहानपणी पडलेले लाडाचे नाव होते, जे आमच्या गल्लीतल्या आठ-दहा घरांबाहेर कोणी घेत नाही. त्या नावावर बोट ठेवून वडील काही वेळ बसून राहिले, मग त्यांनी कागदाची घडी केली आणि ‘बाई, आता कोणाला विचारायचं नाही’ असे म्हणून ते उठले. साखरपुड्याची साडी आणि अंगठी परत आली. मुलीला एका शब्दाने कोणी काही विचारले नाही, शिरपूरच्यांनीही नाही आणि गावानेही नाही. ती सध्या पुण्यात नोकरी करते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावातल्या लेकी माहेरी येतात, निंबाला झोके बांधले जातात, गौराईची गाणी होतात. ही मुलगी तेव्हापासून एकाही आखाजीला आलेली नाही.

हे सांगताना माझ्या स्वतःच्या हातून घडलेली गोष्ट लपवणे योग्य होणार नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या शेजारच्या मुलाची चौकशी करायला पारोळ्याकडचे पाहुणे माझ्याच ओट्यावर बसले होते. मुलगा रात्री पिऊन येतो आणि आईवर हात उचलतो, हे भिंतीपलीकडून मला ऐकू येत असे. शंभर खोटे बोलावे पण एक लग्न जुळवावे, असे आपल्याकडे म्हणतात. त्या माउलीकडे पाहून मी ‘मुलगा मेहनती आहे, घर चांगलं आहे’ असे सांगितले. दीड वर्षात ती सून कडेवर मूल घेऊन माहेरी परतली. पुढे बसस्थानकावर ती मला भेटली आणि तिने फक्त एवढे विचारले, ‘बाई, तुम्हाला तर माहीत होतं ना?’ त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते आणि आजही नाही.

म्हणून शेजाऱ्यांनी तोंडाला कुलूप लावून बसावे, असे माझे म्हणणे मुळीच नाही. कायदाही तसे म्हणत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये अब्रुनुकसानीसाठी दोन वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद आहे. परंतु ज्याला सांगायचे त्याच्या भल्यासाठी सद्भावनेने दिलेला इशारा हा गुन्हा नाही, असा स्पष्ट अपवादही त्याच कलमात आहे. जुन्या दंडसंहितेतही तो होता. मात्र योग्य काळजी घेऊन, लक्षपूर्वक केलेली कृतीच कायदा सद्भावनेची मानतो. भिंतीपलीकडून स्वतः ऐकलेले पारोळ्याच्या पाहुण्यांना सांगणे त्यात बसले असते; पापड लाटताना कानावर आलेले पडताळून न पाहता शिरपूरला कळवणे त्यात कधीच बसणार नाही. ‘तुमले सांगस, पण मन्हं नाव लेवू नका’ हे वाक्य मी आयुष्यभर ऐकत आले आहे. जो आपल्या नावानिशी सांगायला तयार नाही, त्याचे सांगणे त्या मुलीच्या किंवा मुलाच्या भल्यासाठी आहे असे मी मानणार नाही.

जिथे मुलगा-मुलगी स्वतःच एकमेकांना पसंत करतात, विशेषतः जात वेगळी असते, तिथे तर शेजाऱ्यांचा उत्साह अधिकच वाढतो. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यानुसार नोटीस तीस दिवस विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात लावली जाते, आणि तिचा फोटो गावाच्या व्हॉट्सॲप गटावर संध्याकाळपर्यंत फिरतो. हरकत कशावर घेता येते, हे मात्र कोणी वाचत नाही. आधीचा जोडीदार हयात असणे, वय कमी असणे, निषिद्ध नाते असणे, संमती देण्याइतकी मानसिक क्षमता नसणे, अशी मोजकीच कारणे त्या कायद्यात आहेत. शेजाऱ्याची नाराजी त्यात नाही. दोन सज्ञान व्यक्तींनी एकमेकांची निवड केल्यावर कुटुंबाची किंवा समाजाची संमती आवश्यक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१८ च्या निकालात सांगितले आहे.

माझी विनंती पाहुण्यांना अधिक आहे. निनावी पत्र किंवा फोन आला तर तो मनात ठेवून सोयरीक मोडू नका. ते पत्र घेऊन सरळ मुलीच्या दारी जा, तिच्या आईवडिलांसमोर तिच्या हातात द्या आणि तिचे म्हणणे पूर्ण ऐका. मुलाबद्दल काही कानावर आले तर तेही त्याच्यासमोरच विचारा. त्यानंतरही नको वाटले तर नाही म्हणा, पण कारण सांगून म्हणा. खानदेशात ठिकठिकाणी वधू-वर परिचय मेळावे भरतात; तिथल्या ज्येष्ठांनी व्यासपीठावरून एवढे जरी सांगितले तरी पुष्कळ घरांची झोप वाचेल. मी स्वतः आता ओट्यावर आलेल्या पाहुण्यांना आधी त्या घरच्या माणसांना बोलावू देण्याची अट घालते, आणि जे माहीत आहे ते सगळ्यांदेखत सांगते. त्यामुळे दोन घरे माझ्याशी बोलत नाहीत.

या पत्रासोबत माझे पूर्ण नाव, पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक आपल्याकडे पाठवला आहे. वर ज्यांच्याविषयी लिहिले त्या दोघींची ओळख पटू नये, एवढ्याच कारणासाठी तो छापू नये. आमच्या गल्लीला मी हे पत्र माझे असल्याचे स्वतः सांगणार आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका
ता. अमळनेर, जि. जळगाव