ताई, तुम्ही ते झाड उकरून दाखवलंत म्हणून

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमची बदली झाल्याचं परवा कळलं. निरोपाला यायला जमलं नाही, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितोय.

आमच्या आंबेगाव तालुक्यात रब्बीला बटाटा घरोघरी असतो. त्या साली आमची झाडं पाणी देऊनही भर दुपारी माना टाकायची. काढणीला बटाट्यांवर चामखिळीसारखे फोड. व्यापाऱ्यानं गोण्या परत पाठवल्या. मी बेण्याला बोल लावत बसलो होतो. तुम्ही आलात, रानात राहिलेलं एक झाड कुदळीनं मुळासकट उकरलंत, बादलीत खळबळून धुतलंत आणि माझ्या तळहातावर ठेवलंत. "भुईमुगाच्या मुळावरची गाठ नखानं सुटते. ही सुटते का बघा." नाही सुटली. मूळच सुजलं होतं. सूत्रकृमी, म्हणजे मातीत राहून मुळात शिरणारे, डोळ्यांना न दिसणारे बारीक किडे, हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

खरिपात टोमॅटो नको, त्यावरही हीच कीड पोसते, ताग पेरा, असं तुम्ही म्हणालात आणि अण्णा भडकले. नगदी पीक सोडून ताग? तुम्ही ओट्यावर बसून त्यांना समजावलंत, की पिल्लं तागाच्या मुळात शिरतात, पण तिथं धड वाढत नाहीत, मग अंडी कुठून पडणार? एकरी २५ किलो बी टाकलं. ४५-५० दिवसांनी फुलकळी दिसताच गाडला. तो कुजेपर्यंत बेण्याला हात लावायचा नाही, हे बजावायला तुम्ही पुन्हा दोनदा आलात.

पुढच्या खरिपात झेंडू. बांधाला चार ओळी लावून भागणार नाही, सगळ्या रानात दाट हवा, कारण मुळांतल्या द्रव्याचा मारा मुळांच्या आसपासच होतो. आणि तण ठेवायचं नाही, त्याच्या मुळांवर कीड तग धरते. दसऱ्याला फुलांचे पैसे आले, तेव्हा अण्णांचा आवाज खाली आला.

"कीड संपेल असं मी म्हणत नाही, कमी होईल," हे तुमचं वाक्य मला सगळ्यात मोलाचं वाटतं. संपेल म्हणणारे पुष्कळ भेटले होते.

काल पाच झाडं उकरली. एकाच्या मुळावर दोन-तीन गाठी, बाकी चार स्वच्छ. आईनं बटाटा सोलला, सालीखाली तपकिरी ठिपका नाही. महाशिवरात्रीआधी काढणी उरकेल. त्या दिवशी उपासाची भाजी आमच्याकडेच खायची, अण्णांनी मुद्दाम सांगितलंय.

तुमचा,
ओढ्याकाठच्या रानातला भाऊ